तवा, हात आणि डोक्यातला जंत

गळीत हंगामाची चाहूल लागली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातली गावे बघता बघता रिकामी होऊ लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या व कर्नाटकातल्या फडांकडे निघतात. तिथे पहाटे अंधारात उठायचे, दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, गाडी भरायची आणि रात्री कोपीपुढच्या तीन दगडांच्या चुलीशी बसायचे. स्वयंपाकाला उरतो जेमतेम अर्धा-पाऊण तास. मागे गावात राहिलेल्यांचे तरी काय वेगळे? बीड, परळी, अंबाजोगाईत नोकरी-धंदा करणाऱ्या घरातही संध्याकाळी सातनंतर प्रश्न तोच: लवकर होईल, पोट भरेल आणि अंगी लागेल असे काय करायचे?

या प्रश्नाला आरोग्याच्या पानांवर ठरावीक उत्तरे मिळतात. मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, फार तर अंडी. जिल्ह्यातल्या अनेक घरांत मात्र या प्रश्नाला आणखी एक जुने उत्तर आहे आणि त्याचे नाव सहसा कोणी छापत नाही. ते म्हणजे डुकराचे मांस. वडार, कैकाडी आणि काही दलित समाजांत ते पिढ्यान्‌पिढ्या शिजते. मराठवाड्यातल्या दलितांच्या अन्नाची नोंद शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात केली, तेव्हा आपल्या पाकपुस्तकांनी किती चुली वगळल्या होत्या हे अनेकांच्या पहिल्यांदा ध्यानात आले. आरोग्यशिक्षणानेही त्याच चुली वगळल्या आहेत. ज्यांच्या धर्मात, घरात किंवा मनात हे मांस वर्ज्य आहे त्यांनी ते खावे असे सांगण्याचा इथे मुळीच हेतू नाही. पण जे खातात त्यांना ते नीट, झटपट आणि निर्धोक कसे करायचे हे सांगायला नको काय? आणि जे खात नाहीत त्यांनाही या विषयात एक गोष्ट कळणे गरजेचे आहे, कारण तिचा संबंध त्यांच्याही ताटाशी आहे.

‘डुक्कर खाल्ले की डोक्यात जंत’

ही समजूत सर्वदूर आहे. एखाद्याला फेफरे आले, मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली आणि ती जंताची निघाली, की पहिला प्रश्न येतो, “डुक्कर खातो का?” खाणारा मान खाली घालतो. न खाणारा चक्रावतो. समजूत पूर्ण खोटी नाही, पण अर्धी आहे, आणि या अर्ध्या समजुतीनेच नुकसान होते.

खरी गोष्ट अशी. टीनिया सोलियम नावाचा एक पट्टकृमी आहे, म्हणजे फितीसारखा लांब, चपटा जंत. तो माणसाच्या आतड्यात वाढतो आणि काही मीटर लांब होतो. बहुतेकांना त्याचा काही त्रास जाणवत नाही. त्याच्या शरीराचे तुकडे सुटून शौचावाटे बाहेर पडतात आणि एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. माणूस उघड्यावर शौचाला बसला की ही अंडी मातीत, पाण्यात, गवतात मिसळतात. मोकाट हिंडणारे डुक्कर ती विष्ठा खाते. अंड्यातून निघालेल्या अळ्या त्याच्या स्नायूंत जाऊन बसतात आणि त्यांचे पाणीदार फोड होतात. म्हणजे डुकराला हा आजार माणसाकडून होतो.

यानंतर दोन वाटा फुटतात. पहिली वाट तव्याची. फोड असलेले मांस कच्चे राहिले आणि पोटात गेले, तर खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. डोक्यात नव्हे, आतड्यात. १८५५ साली जर्मनीत कुशेनमाइस्टर नावाच्या डॉक्टरने फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला असे मांस खाऊ घातले आणि मृत्यूनंतर त्याच्या आतड्यात वाढू लागलेले पट्टकृमी शोधून काढले. आज असा प्रयोग कोणी मनातही आणणार नाही. पण मांसातला फोड आणि आतड्यातला जंत ही एकाच प्राण्याची दोन रूपे आहेत, हे त्यातून ठरले.

दुसरी वाट हातांची. आतड्यात जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हातावरून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीवरून दुसऱ्याच्या तोंडात गेली, की डुकराच्या शरीरात जे घडते तेच माणसाच्या शरीरात घडते. अळ्या रक्तातून फिरतात, स्नायूंत जातात, डोळ्यात जातात, मेंदूत जातात. मेंदूतला फोड पुढे सुजतो आणि झटके येऊ लागतात. याला वैद्यकात न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. मेंदूतला जंत येतो तो या दुसऱ्या वाटेने. त्यासाठी आयुष्यात एकदाही मांस खाल्लेले असण्याची गरज नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला सातासमुद्रापलीकडचा आहे. न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू समाजातल्या चार जणांना झटके येऊ लागले आणि तपासात मेंदूतला हाच जंत निघाला. डुकराचे मांस या समाजात धर्माने निषिद्ध. मग जंत आला कुठून? घरांतल्या माणसांच्या तपासण्या झाल्या तेव्हा घरकाम करणाऱ्या एका व्यक्तीच्या पोटात टीनियाचा संसर्ग सापडला. तिला स्वतःला त्याची कल्पनाही नसावी. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ही हकिगत प्रसिद्ध झाली. आपल्याकडे तर मोठ्या संख्येने शाकाहारी लोक आहेत आणि मेंदूत जंत झालेल्या रुग्णांत त्यांचाही समावेश असतो, हे कोणताही मेंदूविकारतज्ज्ञ सांगेल.

हा आजार विरळा मानून सोडून देण्याजोगा नाही. तमिळनाडूतल्या वेल्लोर जिल्ह्यात झालेल्या पाहणीत अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत त्याचे कारण हा जंत असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: माणसे आणि मोकाट डुकरे जवळजवळ राहतात अशा, या जंताचा फैलाव असलेल्या भागांत अपस्माराचे सुमारे तीस टक्के रुग्ण याच जंताचे असतात. आणि हा अपस्मार टाळता येतो. औषधाने नंतर आवरण्यापेक्षा आधीच रोखता येईल असे आजार फार थोडे असतात. हा त्यांतला एक आहे.

अर्ध्या तासाचे काप

तव्याची वाट बंद करणे अगदी सोपे आहे. हा जंत उष्णतेपुढे टिकत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली डुकराच्या अखंड कापांसाठी आतले तापमान ७१ वरून ६३ अंश सेल्सिअसवर आणले आणि चुलीवरून उतरवल्यावर तीन मिनिटे तसेच ठेवायला सांगितले. तिथले चॉप मधोमध किंचित गुलाबी असतात ते त्यामुळेच. पण तिथे डुकरे बंदिस्त गोठ्यात वाढतात, मांसाची तपासणी होते आणि स्वयंपाकघरात थर्मामीटर असतो. आपल्याकडे या तिन्हींची खात्री नाही. म्हणून परदेशी पाककृती बघून गुलाबी मांस वाढण्याचा सोस करू नये. आपला नियम साधा: कापाच्या मधोमध सुरी घातली तर आत गुलाबीपणा दिसता कामा नये, आणि निघणारा रस स्वच्छ, पाण्यासारखा असावा.

खरेदी करतानाच पाठीचे, कण्याच्या दोन्ही बाजूंचे मांस मागावे. परदेशात चॉप म्हणतात तो हाच भाग. त्यात चरबी कमी आणि तंतू मऊ असतात, म्हणून ते लवकर शिजते. चरबीची कड सुरीने काढून टाकता येते. मांस उजेडात नीट बघावे. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्यापासून वाटाण्याएवढे पांढरट, पाणीदार फोड दिसले तर ते मांस घेऊ नये. मात्र फोड दिसले नाहीत म्हणजे मांस निर्दोष, असे समजू नये. थोडाच संसर्ग असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही. फ्रीझरमध्ये खूप थंडीत काही दिवस ठेवल्याने अळ्या मरतात हे खरे, पण जिथे दिवसातून दोनदा वीज जाते तिथे घरच्या फ्रीझरवर भरवसा ठेवू नये. भरवसा विस्तवावर ठेवावा.

आता कृती. चार माणसांसाठी अर्धा किलो मांसाचे अर्ध्या बोटाएवढ्या जाडीचे काप करून घ्यावेत. जाड काप बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात, पातळ काप सारखे शिजतात. त्यांना चमचाभर आले-लसणाचे वाटण, पाव चमचा हळद, दीड चमचा येसूर किंवा घरचा काळा मसाला, बेताचे मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळून ठेवावे. तोपर्यंत भाकरीचे पीठ मळून होते. लोखंडी तवा चांगला तापवून त्यावर चमचाभर तेल सोडावे आणि काप एकाशेजारी एक मांडावेत. गर्दी केली तर पाणी सुटून ते भाजण्याऐवजी उकडतात. दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटे लालसर होऊ द्याव्यात. मग अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे शिजवावे. या भागात चरबी कमी असल्याने नुसत्या कोरड्या तव्यावर ते चामड्यासारखे होते. झाकणाखालची वाफ ते मऊ ठेवते आणि आतपर्यंत उष्णताही नेते. शेवटी झाकण काढून पाणी आटवावे, गॅस बंद करावा आणि वाढण्यापूर्वी पाच मिनिटे तसेच ठेवावे. सगळे धरून अर्धा तास.

पाठीचे मांस मिळाले नाही, खांद्याचे किंवा मांडीचे मिळाले, तर तव्याचा नाद सोडून कुकर लावावा. त्या मांसात चिवट तंतू जास्त असतात आणि ते मऊ व्हायला वेळ लागतो. पहिल्या शिटीनंतर आच कमी करून वीस मिनिटे ठेवले की काम होते. चुलीवर करायचे असेल तर पातेल्यावर झाकण ठेवून, मांस बोटाने तुटेल इतके शिजवावे. आपल्या आया-आज्यांनी हे मांस नेहमी असेच भरपूर शिजवले. त्यांना जंताचे नाव ठाऊक नव्हते, पण त्यांची रीत या जंतावर पुरेपूर लागू पडते. धोका वाढतो तो घाईत. बाहेरच्या गाडीवर मोठ्या आचेवर वरवर भाजलेले तुकडे, आतून कच्चे खिम्याचे गोळे, दारूबरोबर अर्धवट शिजलेला चखणा यांपासून सावध राहावे.

ताटातली धोक्याची वस्तू

मांस नीट शिजले, तर ताटात सर्वांत जोखमीचे काय उरते? शेजारी वाढलेली कच्ची कोशिंबीर. सांडपाण्यावर किंवा उघड्यावर शौचाला बसतात तिथल्या रानात वाढलेली मेथीची पाने, कोथिंबीर, गाजर, मुळा नीट न धुता ताटात आले, तर जंताची अंडी त्यांवरून येऊ शकतात. शाकाहारी घराचा या प्रश्नाशी संबंध येतो तो इथे. पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून, प्रत्येक वेळी पाणी बदलून धुवावी. गाजर-मुळ्याची साल काढावी. शंका असेल तर भाजी शिजवूनच खावी. कांदा सोलूनच खातो, त्यामुळे त्याची भीती कमी.

कच्चे मांस ज्या विळीवर किंवा पाटावर कापले ती विळी साबणाने धुतल्याशिवाय तिच्यावर कांदा चिरू नये. मांस नळाच्या धारेखाली धरून शिंतोडे उडवू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हात. शौचाहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाला बसण्यापूर्वी आणि जेवण्यापूर्वी साबणाने हात धुणे. राखेने किंवा मातीने हात घासण्याची सवय अजून आहे. माती उघड्यावरची असेल, तर ती हात स्वच्छ करण्याऐवजी अंडीच हातावर आणू शकते. दहा रुपयांची साबणाची वडी इथे कोणत्याही टॉनिकपेक्षा जास्त काम करते.

अंगी काय लागते

आता पोषणाचा हिशेब, उगीच फुगवलेला नव्हे. चरबी काढलेल्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे साधारण तीन अंड्यांएवढी. ही प्रथिने उत्तम प्रतीची असतात. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व या मांसात भरपूर असते. रोजच्या खाण्यातल्या फारच थोड्या पदार्थांत ते इतके सापडेल. भाकरी-भातातल्या पिष्टापासून शक्ती तयार करायला शरीराला थायमिन लागते आणि त्याचा साठा शरीर फार दिवस ठेवत नाही. अंगमेहनत करणाऱ्याला ते हवेच, आणि दारू पिणाऱ्याच्या शरीरात त्याची तूट लवकर पडते. चरकसंहितेत वराहमांसाचे गुण सांगताना ते श्रम हरणारे, बळ देणारे आणि पचायला जड असे वर्णिले आहे. थायमिन कोणाला ठाऊक असण्याच्या कितीतरी आधीचे हे निरीक्षण आहे.

रक्ताच्या बाबतीत मात्र जपून बोलावे लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते, म्हणजे आपण मागे गेलो. डुकराच्या साध्या मांसात लोह फार नसते, बकऱ्याच्या मटणापेक्षा कमीच. त्यामुळे हे खाऊन रक्त वाढेल असे कोणी समजू नये. त्याचा उपयोग वेगळ्या रीतीने होतो. बाजरीत लोह चांगले असते, पण धान्यातल्या फायटेटमुळे शरीर त्यातले थोडेच शोषते. त्याच जेवणात थोडे मांस आणि लिंबू असले की भाकरीतले आणि भाजीतले लोहही जास्त शोषले जाते. म्हणून बाजरीची भाकरी, चार काप, शिजवलेली मेथी किंवा तांदुळसा आणि वरून पिळलेले लिंबू हे ताट एकेका पदार्थापेक्षा मोलाचे ठरते. जेवणावर लगेच चहा घेतला तर यातला बराच फायदा वाया जातो. चहा तासाभराने घ्यावा. डुकराच्या काळजात मात्र लोह मांसाच्या अनेक पटींनी असते. ते पूर्ण शिजवून अधूनमधून खावे. गरोदर बाईने ते टाळावे, कारण त्यात अ जीवनसत्त्व फार जास्त असते. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या यातल्या कशानेही बंद करू नयेत.

आणखी एक समतोल. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाल मांस कर्करोगाला बहुधा कारण ठरू शकते, आणि सॉसेज, बेकन, सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस निश्चितच कारण ठरते, असा निष्कर्ष काढला. डुकराचे मांस लाल मांसातच मोडते. म्हणून ते रोज नको. आठवड्यातून एकदा-दोनदा, माणशी तळहाताएवढे पुरे. पाकिटातले खारवलेले प्रकार शक्यतो नकोतच. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी चरबीचे तुकडे आणि मीठ दोन्ही कमी ठेवावे. ज्याच्या ताटात आठवडाभर मांसाचा तुकडा नसतो त्याला जास्त खाण्याचा धाक घालण्याचे कारण नाही, आणि ज्याच्या ताटात ते रोज असते त्याने हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

झटका आला तर

घरात कोणाला फेफरे आले तर चप्पल, कांदा हुंगवू नये. तोंडात चमचा, किल्ली, पाणी काही घालू नये. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, आजूबाजूचे दगड, भांडी, चूल दूर करावी आणि घड्याळ बघावे. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर १०८ला फोन करून दवाखान्यात न्यावे. पहिल्या झटक्यानंतर, तो आपोआप थांबला तरी, तपासणी हवीच. देवर्षीकडे जाण्यात जे दिवस जातात त्या दिवसांत पुढचा झटका विहिरीच्या काठावर किंवा चुलीपाशी येऊ शकतो.

मेंदूतला जंत बरा होऊ शकतो. पण जंताची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. मेंदूतल्या अळ्या मरताना सूज वाढते आणि झटके बळावू शकतात. म्हणून हे उपचार डॉक्टर सूज कमी करणाऱ्या औषधांच्या आडोशाने करतात. याच कारणाने, शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाची गोळी देण्यापूर्वी मुलाला फेफऱ्याचा त्रास असेल तर पालकांनी ते शिक्षकांना आणि आशाताईंना आधी सांगावे. ही गोळी वाईट नाही, उपयोगीच आहे. फक्त झटके येणाऱ्या मुलाला ती डॉक्टरांना विचारून द्यावी.

स्वयंपाकघराबाहेरचे काम

स्वयंपाक करणाऱ्या बाईने सगळे नियम पाळले, तरी या साखळीची दोन टोके तिच्या हातात नाहीत. एक टोक शौचालयाचे. दुसरे डुक्कर वाढते आणि कापले जाते त्या जागेचे.

२ ऑक्टोबर २०१९ रोजी देश हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण फडावर गेलेल्या टोळीची कोपी त्या जाहीरनाम्यात बसत नाही. घरी शौचालय असलेली बाई सहा महिने उसाच्या आडोशाला जाते. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. त्याने आणि साखर कारखान्यांनी मिळून प्रत्येक तळावर फिरती शौचालये, पाण्याची टाकी आणि साबण पुरवणे ही मेहेरबानी नव्हे. ज्या शेतात टोळी बसते त्याच शेतातली भाजी पुढे शहरात विकायला जाते. तळावरचे शौचालय हे शहरातल्या कोशिंबिरीचेही रक्षण करते.

दुसरे टोक मांसाचे. मटणाच्या व्यवसायाला जागा, पाणी, तपासणी हवी हे नगरपालिका निदान कागदावर मानतात. डुकराचे मांस मात्र गावाच्या कडेला, नाल्याशेजारी विकले जाते. ज्याच्याकडे बघायचेच नाही, त्याची तपासणी कोण करणार? गरीब माणसाचे अन्न म्हणून ते अस्वच्छ जागी ढकलायचे आणि मग अस्वच्छ म्हणून त्याला नावे ठेवायची, हा खेळ थांबायला हवा. ओटा, पाणी, गटार आणि पशुवैद्यकाची नजर एवढे पुरवायला मोठा निधी लागत नाही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, त्यांचे मार्गदर्शन जिल्ह्याला सहज मिळू शकते. डुकरांना या जंतापासून वाचवणारी लसही आता आहे. ती हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने तयार केली आहे आणि तिच्या जोडीला ऑक्सफेंडाझोल हे औषध दिले की डुकराच्या मांसातले फोड जवळजवळ संपवता येतात. डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांना बंदिस्त वाडग्यासाठी मदत, लस आणि औषध दिले तर त्यांचाही माल चांगल्या भावाने विकला जाईल. नगरपालिकांना डुक्कर आठवते ते फक्त ‘मोकाट डुकरे पकडा’ या मोहिमेत. पाळणाऱ्यांना बरोबर घेतल्याशिवाय ती मोहीम दर वर्षी नव्याने करावी लागते.

तिसरी गोष्ट पैशांचीही नाही, बोलण्याची आहे. डॉक्टर आणि परिचारिका यांनी रुग्णाला “डुक्कर खाता का?” असे दरडावून विचारले, की तो ‘नाही’ म्हणणार. मग त्याच्या घरातल्या ज्या माणसाच्या आतड्यात पट्टकृमी आहे त्याची तपासणी होणार नाही, आणि घरातल्या पुढच्या मुलाला धोका राहील. त्याऐवजी, “घरात कोणाच्या शौचातून पांढरे, चपटे, शेवयांच्या तुकड्यांसारखे काही पडते का?” असे साधेपणाने विचारावे. हा प्रश्न मांस खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या, दोन्ही घरांत विचारायचा आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच लोकांसाठी उभे राहिले. फेफऱ्याच्या प्रत्येक रुग्णामागे त्याच्या घरच्यांची शौचतपासणी करण्याची पद्धत तिथून सुरू झाली तर ती जिल्हाभर पोहोचेल.

गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला तेव्हा त्यांनी कोण काय खातो हे विचारले नाही, गाव झाडायला घेतले. मेंदूतल्या जंताचाही इलाज तिथूनच सुरू होतो. तव्यावरचे काप चांगले शिजवा, लिंबू पिळा, पोटभर जेवा. पण त्याआधी हात धुवा. आणि ज्यांना हात धुवायला पाणी आणि बसायला शौचालय मिळत नाही, त्यांना ते मिळवून देण्याचा हिशेब या हंगामात कारखान्यांकडे मागा.